दसऱ्यापर्यंतच्या गोळ्या

माझ्या थोरल्या भावाच्या आजाराची हकिकत आमच्या गावात तीन तऱ्हांनी सांगितली जाते, आणि तिन्ही तऱ्हा चूक आहेत. माझा चुलतभाऊ शामराव सांगतो की दादाच्या हाताला नजर लागली. गहू इतका सारखा उगवला की बघणाऱ्यांची दृष्ट थेट त्याच्या डोक्यात शिरली. पारावर बसणारी मंडळी सांगतात की अकोल्याच्या गोळ्यांनीच त्याचे डोके फिरवले, एरवी माणूस लाखातला होता. आणि दादाचा मुलगा प्रकाश, जो त्या वर्षी पाळण्यात होता आणि ज्याला त्यातले काहीही आठवणे शक्य नाही, तो सांगतो की आईच्या हातून गोळ्या द्यायच्या राहून गेल्या. गेल्या वैशाखात वहिनींच्या तेरवीला हेच त्याने चारचौघांत, डोळे पुसत सांगितले. मी तिथे समोरच बसलो होतो. शामरावाचे मी आयुष्यात कधी मनावर घेतले नाही आणि पारावरच्यांशी वाद घालणे मला कमीपणाचे वाटते. पण प्रकाशचे म्हणणे खोडून काढल्याशिवाय मला हे आत्मकथन पुढे नेता येणार नाही. म्हणून हे प्रकरण.

आमचे घर गावाच्या अगदी टोकाला होते. पुढे ओसरी, मागे स्वयंपाकाची खोली, उजव्या अंगाला बैलांचा कोठा. जऊळक्याचे स्टेशन दोन कोसांवर. वारा तिकडून असला की छोट्या गाडीची शिटी घरात ऐकू येई आणि घड्याळ नसलेल्या आमच्या घरात माय तिच्यावरच चुलीचा अंदाज धरी. सकाळच्या गाडीला भाकरी तव्यावर, संध्याकाळच्या गाडीला वरणाला फोडणी. जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, हिवाळ्यात ओल्या मिरच्यांचा ठेचा आणि सणाला पातोड्यांची रस्सेदार भाजी, असे आमचे जेवण असे. दादा अबोल होता. त्याच्या जेवणात रुची-अरुची नव्हती, कपड्यांची हौस नव्हती, आणि गावात त्याला जो मान होता तो केवळ त्याच्या उजव्या हाताच्या मुठीचा होता. हे आजच्या वाचकाला समजावून सांगावे लागेल. आता ट्रॅक्टरमागे पेरणीयंत्र फिरते आणि लोखंडी चकती बी मोजून टाकते. तेव्हा बैलांची तिफण असे. तिला तीन फण, फणांना जोडलेल्या तीन पोकळ नळ्या, आणि वर लाकडाची वाटी, जिला चाडे म्हणतात. पेरणारा कमरेला बियांची ओटी बांधून तिफणीमागे चालतो आणि मुठीतून बी चाड्यात सोडत जातो. मूठ जराशी ढिली पडली की बी दाट पडते, आवळली की विरळ. बी जमिनीत जाते म्हणून त्या दिवशी कुणाला काही दिसत नाही. पण आठ-दहा दिवसांनी कोंब वर आले की माणसाचा हात सगळ्या गावाला वाचता येतो. दादाचे तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, रेघोटीसारखे उगवत. तो पेरत असला की नळ्यांतून उतरणाऱ्या बियांचा आवाज अखंड, एका पट्टीत येई. बाबा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, डोळे मिटून बसत आणि नुसत्या आवाजावरून म्हणत, "चालू दे."

त्या उन्हाळ्यात दादा त्या नळ्यांशी बोलू लागला. आधी आम्हाला वाटले, तिफण दुरुस्त करतो आहे. मग माझ्या लक्षात आले की तो कोठ्यात बसून एक नळी कानाला लावतो, ऐकतो आणि हळू आवाजात उत्तर देतो. गावातली माणसे नळीतून आपल्याबद्दल बोलतात, असे त्याने वहिनींना सांगितले. पुढे भाकरी खाणे बंद झाले, कारण पिठातही कुणीतरी होते. अंघोळ सुटली, झोप गेली, आणि एका सकाळी त्याने शामरावावर विळा उगारला. शामराव आज सांगतो की त्याने विळा हिसकावून घेतला. त्याने तसे काही केले नाही. तो कोठ्याची भिंत चढून पळाला आणि विळा वहिनींनी काढून घेतला. "आना इकडं, मले गवत कापाचं हाय," एवढेच त्या म्हणाल्या आणि दादाने तो देऊन टाकला. अंगारे, धागे, गुरुवारची फेरी हे सगळे आम्ही केले. त्याची मला लाज वाटत नाही. ज्याला दुसरे काही ठाऊक नाही त्याने दुसरे काय करावे? शेवटी माझ्या शाळेतल्या एका गुरुजींनी अकोल्याच्या डॉक्टरांचे नाव सुचवले.

मी त्याच वर्षी मॅट्रिक झालो होतो. आमच्या घराण्यात मॅट्रिक झालेला मी पहिला, आणि इंग्रजीचे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणारा गावातला एकटा. त्यामुळे अकोल्याला बाबा, दादा आणि वहिनींबरोबर मी जाणार, हे ठरवावे लागले नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी दादाशी बराच वेळ शांतपणे मराठीत गप्पा मारल्या. मग बाकीच्यांना बाहेर बसवून घरातला शिकलेला म्हणून मला आत बोलावले आणि विचारले, काय शिकता? मी उत्तर इंग्रजीत, दोन वाक्यांत दिले. ही माझ्या आयुष्यातली सर्वांत महाग पडलेली दोन वाक्ये आहेत. डॉक्टरांना बरे वाटले असावे, कारण त्यानंतरचे सारे बोलणे त्यांनी इंग्रजीत केले. आजाराचे नाव, गोळ्या कशा द्यायच्या, किती दिवस द्यायच्या, काय त्रास होऊ शकतो, तसे झाले तर काय करायचे, हे सगळे त्यांनी सांगितले, याबद्दल आज मला शंका नाही. मला समजले ते इतकेच की नारिंगी गोळी एक सकाळी आणि एक रात्री. बाकीच्या वेळी मी "येस, सर" म्हणत होतो. मधे एकदा ते थांबले आणि काही शंका आहे का, असे त्यांनी विचारले. हे वाक्य मला समजले. मी "नो, सर" म्हणालो.

घरी आल्यावर मायने गुळाचा चहा केला आणि सगळे ओसरीवर माझ्याभोवती बसले. शामराव आणि शेजारची दोन-चार माणसेही होती. मी डॉक्टरांची खोली, खुर्ची आणि त्यांचे बोलणे ऐटीत वर्णन करून सांगितले. गोळी सकाळ-रात्र, तीही सांगितली. तेव्हा मायने अगदी साधा प्रश्न विचारला.

"किती दिवस द्याची रे बापू?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. दादासुद्धा पाहत होता. मला ठाऊक नाही, असे म्हणणे त्या क्षणी मला शक्य नव्हते. एवढ्या लांब नेलेला, मॅट्रिक झालेला मुलगा, आणि त्याला एवढे ठाऊक नसावे? ज्येष्ठ महिना चालू होता. मी मनातल्या मनात चार-पाच महिने पुढे गेलो आणि म्हणालो, "दसऱ्यापर्यंत."

इतक्या ठामपणे म्हणालो की पुढे माझाही त्यावर विश्वास बसला. खोटे बोलणाऱ्याची आणि माझी गणना कुणी एकत्र करू नये. मी खोटे बोललो नाही, मी रिकामी जागा भरली. ती कशाने भरली, हे मात्र मी विसरून गेलो.

गोळ्यांचे सगळे वहिनींकडे होते. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून त्यांनी आपली रीत बसवली. स्वयंपाकघराच्या भिंतीत दोन कोनाडे होते. उगवतीच्या कोनाड्यात सकाळची गोळी, मावळतीच्या कोनाड्यात रात्रीची. रोज संध्याकाळी दिवा लावताना त्या आजची रात्रीची आणि उद्याची सकाळची गोळी काढून ठेवत. कोनाडा रिकामा दिसला की गोळी पोटात गेली, भरलेला दिसला की राहिली. दादा घ्यायला कुरकुरला तर त्या भाकरीचा काला ताकात करून त्याच्यापुढे ठेवत आणि गोळी ताटात उघडी ठेवत. लपवून कधी दिली नाही. मायने सुचवले होते, भाकरीत घालून दे. वहिनी म्हणाल्या, "त्यायले आधीच भाकरीत कोनी हाय असं वाटते. आन मी खरंच टाकू?" या एवढ्या बोलण्यात जितकी समजूत होती तितकी मला पुढची दहा वर्षे आली नाही. आणि ज्या बाईने असा कोनाडा सांभाळला तिच्या हातून गोळ्या राहून गेल्या, असे तिचा मुलगा तेरवीला सांगतो.

श्रावणापर्यंत दादा निवळला. नळ्या गप्प झाल्या. तो जेवू लागला, पाळण्याची दोरी धरून बसू लागला, एकदा तर बाबांनी सांगितलेल्या कसल्याशा गोष्टीला हसला. पण चेहरा जड झाला होता, पावले लहान पडत होती आणि उजवा हात ताठर होऊन किंचित थरथरत होता. चहाची बशी त्याच्या हातात वाजे. माय तो आवाज ऐके आणि तोंड फिरवून घेई. हे कुणी डॉक्टरांना कळवायला हवे होते. पण आमच्या घरात डॉक्टरांशी बोलू शकणारा एकच माणूस होता आणि त्याला पुन्हा त्या खुर्चीसमोर बसायचे नव्हते. म्हणून मी सांगितले की औषध ताकदीचे आहे, थोडे असे व्हायचेच.

नवरात्राच्या तोंडावर हरभऱ्याची पेरणी आली. बाबांनी मोठ्या आशेने दादाच्या कमरेला ओटी बांधली. मी बैल धरले होते. पहिल्याच तासाला मला आवाज ऐकू आला. नळ्यांतून बी एकदम भसकन उतरे, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा भसकन. दादाची मूठ उघडतच नव्हती आणि उघडली की मिटत नव्हती. बाबा धुऱ्यावर होते. त्यांनी डोळे मिटले नाहीत. थांबवलेही नाही, भर वावरात मुलाच्या कमरेची ओटी सोडणे त्यांच्याने झाले नाही. आठ दिवसांनी हरभरा उगवला तो एखाद्याने वरून ओतल्यासारखा, इथे झुबका, तिथे टक्कल. ते वावर पांदणीला लागून होते, गावची सगळी ये-जा तिथूनच. माणसे तिथे आली की दुसरीकडे पाहत पुढे जात, आणि तेच वाईट होते. फक्त शामराव मला म्हणाला, "काय रे, हरभऱ्यालेही गोई चारली का?"

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा होते. ओसरीवर तिफण, वखर, विळे, कुऱ्हाड मांडून त्यांना हळदकुंकू वाहतात आणि तेवढा दिवस त्यांना हात लावत नाहीत. त्या वर्षी मायने गोळ्यांची डबीही त्यात मांडली. डबीला कुंकवाचे बोट लावले, झेंडूचे फूल ठेवले आणि हात जोडून म्हणाली की तुझे काम तू केलेस. मग संध्याकाळी, सोने लुटून आलेली माणसे अजून ओसरीवर असताना, तिने डबी उचलून उतरंडीच्या सगळ्यांत वरच्या गाडग्यात ठेवायला घेतली. वहिनी दारात उभ्या होत्या. मोठ्या माणसांसमोर बोलण्याची त्यांची पद्धत नव्हती. पण त्या बोलल्या.

"मामीजी, ते बरे झाले म्हनून नाई, गोई हाय म्हनून बरे हायत. एक दिवस रात्रीच्या गोईले उशीर झाला तं दुसऱ्या दिवशी ते कोठ्याकडं पाहातेत. म्या पाह्यलं. हाताचं काय करा लागते ते अकोल्याले जाऊन इचारा, पन गोई काढू नोका."

माय थबकली आणि तिने माझ्याकडे पाहिले. बाबांनीही पाहिले. मला अजून सुधारायला वेळ होता. इतका वेळ होता की त्यात एक अख्खे वाक्य बोलता आले असते. मी म्हणालो, "वयनी, डॉक्टरचं बोलनं म्या ऐकलं का तुमी?"

बसलेल्यांतले कुणीतरी हसले. वहिनींनी पदर पुढे ओढला आणि त्या आत गेल्या. डबी गाडग्यात गेली. त्या संध्याकाळी दिवा लावताना त्यांनी दोन्ही कोनाडे ओल्या फडक्याने पुसून घेतले, हे मी पाहिले.

पुढे जे झाले त्याने आम्हा सर्वांची खात्री पटली, आणि ती का पटली हे कुणी हसण्यावारी नेऊ नये. शिकलेले लोक म्हणतात, खेडवळांना औषधाचे कळत नाही. मी म्हणतो, आमच्या डोळ्यांना जे दिसले ते त्यांच्या डोळ्यांना दिसते तर त्यांनीही तेच केले असते. गोळी बंद झाल्यावर दादा बिघडला नाही, तो सुधारला. आठवड्याभरात बशी वाजायची थांबली. पंधरवड्यात चेहरा हलका झाला, पावले मोकळी पडू लागली. दिवाळी झाल्यावर विहिरीच्या वावरात गहू पेरायला घेतला आणि दादाने आपणहून ओटी मागितली. नळ्यांतून पुन्हा तो अखंड आवाज आला. बाबांनी डोळे मिटले, आणि मी बैलांच्या पुढून वळून पाहिले तेव्हा त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होते. गहू असा उगवला की लोक वाट वाकडी करून विहिरीकडे बघायला येत. माय प्रत्येकाला सांगे, "बापूनं बराबर सांगितलं होतं, दसऱ्यापर्यंत." मी मान खाली घालून ती शाबासकी घेतली. आणि वहिनींकडे पाहून एकदा म्हणालोही की बघा. त्या म्हणाल्या, "पाहून राह्यली, भाऊजी." एवढेच.

औषधाचा त्रास आधी उतरतो आणि औषधाचा गुण मागाहून, हे मला आज ठाऊक आहे. माझ्या पलंगाशेजारी आता माझ्याच चार प्रकारच्या गोळ्या आहेत आणि प्रत्येकीबद्दल मी तालुक्याच्या डॉक्टरला इतके प्रश्न विचारतो की तो मला पाहून उसासा टाकतो. टाकू दे.

मार्गशीर्ष सरत असताना, सकाळची गाडी नुकतीच गेली होती, वहिनी विहिरीकडून धावत आल्या. त्या कधी धावत नसत. त्या मला म्हणाल्या, "चाला." मी गेलो. गहू गुडघ्याएवढा झाला होता. दादा वावराच्या मधोमध वाकून एकेक रोप उपटत होता. पिसाटासारखा नव्हे, माझी पारावरच्यांना विनंती आहे की त्यांनी हे नीट ऐकावे. तो एका टोकापासून सुरू होऊन तास धरून चालला होता, प्रत्येक रोप मुळासकट काढून, माती झटकून, मुळाजवळ कान नेऊन, मग डावीकडे ठेवत होता. ठेवलेल्या रोपांचीही सरळ ओळ झाली होती. गव्हाचे नऊ-दहा तास त्याने रिकामे केले होते. मी हाक मारली तेव्हा त्याने वर पाहिले आणि समजावणीच्या सुरात सांगितले, "बापू, मीच पेरले ना हे सारे. आता कायले बोलून राह्यले माह्यावरच?" उपटताना त्याचा हात जराही थरथरत नव्हता.

पुन्हा अकोला. या वेळी शामराव आणि बाबा दादाला दोन्ही बाजूंनी धरून दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसले आणि आत वहिनी आणि मी असे दोघेच गेलो. म्हणून जे आत झाले ते दोनच माणसांना ठाऊक होते आणि आता एकालाच आहे. डॉक्टरांनी मला ओळखले. कागद पाहिला, आणि इंग्रजीत विचारले की गोळ्या कुणी बंद केल्या? हे इंग्रजी मला संपूर्ण समजले. वहिनींनी हळूच विचारले, काय म्हणतात? मी सांगितले, "गोया कोनं बंद केल्या म्हनून इचारतात."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "सांगा, म्या केल्या."

आणि मी मान त्यांच्याकडे वळवून म्हणालो, "यांनी, सर." मराठीत म्हणालो. त्या वेळी मला इंग्रजी सुचले नाही.

वहिनींना कळावे म्हणून डॉक्टर मग मराठीत बोलले. स्वच्छ, साध्या, कुणालाही कळेल अशा मराठीत. नवऱ्याच्या जिवाशी खेळलात, असे म्हणाले. तुमच्या घरात हा एवढा शिकलेला मुलगा आहे, याचे तरी ऐकायचे होते, असेही म्हणाले. वहिनी जमिनीकडे पाहत, पदर धरून ऐकत राहिल्या. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. शेवटी नवा कागद माझ्या हातात आला आणि दोन-चार वाक्ये पुन्हा इंग्रजीत झाली. मी "येस, सर" म्हणालो.

दादाला सुई दिली होती. तो स्टेशनवरच्या बाकड्यावर बाबांच्या खांद्यावर डोके ठेवून झोपला. गाडीला अवकाश होता. मी वहिनींना विचारले की तुम्ही असे का सांगितले? त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तसा असता तर मला बरे वाटले असते. त्या म्हणाल्या, "तुमाले पुन्हा पुन्हा इथं या लागन, भाऊजी. तुमच्यावरून डॉक्टरचं मन उठलं तं माह्याशी कोन बोलते?" मग म्हणाल्या, "या वक्ती तरी इचारलं का, किती दिवस द्याच्या?"

मी म्हणालो, "नाई. मले तवाबी नव्हतं समजलं."

मी उठलो आणि धावत दवाखान्यात परत गेलो. डॉक्टर जेवायला निघाले होते. मी दारातच त्यांना अडवले आणि पहिल्यांदाच मराठीत विचारले. गोळ्या किती दिवस? ते म्हणाले, "बहुधा जन्मभर. कमी-जास्त करायच्या त्या मी करीन, तुम्ही नाही. पहिल्याच दिवशी सांगितले होते की तुम्हाला." मग मी हाताचे विचारले. ते वैतागून म्हणाले की हाताचे मला कुणी कळवलेच नाही, त्यासाठी वेगळी लहान गोळी असते. आणि उभ्या उभ्या कागदावर ती लिहून दिली. पांढरी, चिमुकली गोळी. आमचा हरभरा तिच्यावाचून बिघडला, आणि गहू, आणि माझा भाऊ.

दुसऱ्या दिवसापासून कोनाडे पुन्हा भरू लागले. दादा या खेपेला पहिल्याइतका निवळला नाही. आवाज पूर्ण गेले नाहीत, फक्त लांब गेले. तो त्यानंतर बावीस वर्षे जगला आणि त्या बावीस वर्षांत एकही संध्याकाळ अशी गेली नाही की वहिनींनी दिवा लावताना गोळ्या काढून ठेवल्या नाहीत. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर बाबांनी ओटी आणली. पांढऱ्या गोळीने दादाचा हात तोवर बराच मोकळा झाला होता. त्याला पेरता आले असते. त्याने ओटी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि माझ्याजवळ येऊन ती माझ्या कमरेला बांधली. गाठ नीट बसली की नाही ते दोनदा ओढून पाहिले आणि कोठ्याकडे निघून गेला. माझा हात कधीच पेरणाऱ्याचा नव्हता. तरी आमच्या घरी यंत्र येईपर्यंत पेरणी मीच केली, आणि दरवर्षी आमचे वावर जसे उगवले तसे सगळ्या गावाने पाहिले.

वहिनींवरचा आळ मात्र त्या दिवसापासून चालू झाला. बाबांनी बाकावरून दाराआडून डॉक्टरांचा चढा आवाज ऐकला होता. त्यांनी घरी येऊन मायला सांगितले, मायने गावाला. ज्या बाईच्या हातून डबी काढून घेतली होती, तिनेच ती बंद केली असे मायलाही काही वर्षांनी खरेच आठवू लागले. हळदीकुंकवाला, लग्नाच्या मांडवात, नदीवर, कुणीतरी तो विषय काढी आणि वहिनी हातातले काम चालू ठेवत. मी कितीतरी वेळा तिथेच होतो. गावात माझ्यासारखा भांडखोर माणूस नाही, हे शत्रूही सांगतील; धुऱ्याच्या वीतभर जमिनीसाठी मी सात वर्षे तारखा केल्या आहेत. या एका बाबतीत मी कुणाशी भांडलो नाही.

तेरवीच्या दिवशी प्रकाश बोलत होता. त्याने आईला माफ केल्यासारखा सूर लावला होता. म्हणाला, आई साधी होती, तिच्या हातून गोळ्या चुकल्या, त्यात आपल्या बाबांनी, म्हणजे दादाने, भर वावरातला हरभरा उपटला. मी ताडकन उठलो. मी म्हणालो, "हरभरा नाई, गहू. हरभरा तं सारेच उपटतात." प्रकाश म्हणाला, "बराबर हाय, बापूकाका. गहू." आणि त्याने चूक सुधारून पुढचे सांगितले. मी खाली बसलो.

हे लिहून झाल्यावर काल मी त्याला बोलावून घेतले आणि चष्मा लावून हे सगळे त्याला मोठ्याने वाचून दाखवले. "सांगा, म्या केल्या" इथवर आल्यावर त्याने मला थांबवले. मग त्याने विचारले, "तिनं तुमाले नंतर कधी काही म्हटलं का, काका?"

ते आठवायला मला वेळ लागला नाही. दादा गेल्यावर दिवसकार्य झाले, त्या संध्याकाळी वहिनी उरलेल्या गोळ्यांची डबी घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांनी डबी माझ्या हातात ठेवली आणि विचारले, "आता बंद करू ना, भाऊजी?"

मी प्रकाशला सांगितले की हो, एकदा हे विचारले होते. त्याने पुढे विचारले, तुम्ही काय म्हणालात? मी म्हणालो, तेव्हाही मी मान हलवली, बोललो नाही. तो उठला, चपला घातल्या, आणि पायऱ्या उतरताना माझ्याकडे न पाहता म्हणाला की हे पुस्तक छापाल तेव्हा आईचे नाव नीट लिहा, वहिनी वहिनी करू नका.

तिचे नाव सरस्वती होते. डबी माझ्या कपाटात आहे.